कृष्णविवराचे फूत्कार

ज्येष्ठ महिन्यांत, पाऊस लागण्यापूर्वीं, मूर्तिजापुरासारख्या वऱ्हाडांतील गांवीं रात्रीं दहाच्या सुमारास आग्नेयेकडे पाहिलें असतां ज्येष्ठा नक्षत्राचा तांबूस तारा दिसतो. हात लांब करून धरलेल्या मुठीएवढें अंतर त्याच्या पूर्वेस गेलें कीं भुजंगधारी तारकासमूहाचा एक भाग येतो. नुसत्या डोळ्यांस तेथें विशेष कांहीं दिसत नाहीं. परंतु त्याच दिशेस सुमारें ३९ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्यांत घडलेल्या एका उत्पाताची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कृष्णविवर सर्व कांहीं गिळून टाकतें, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. दीर्घिकेच्या गाभ्यांतील कृष्णविवराभोंवतीं फिरतां फिरतां वायु अतिशय तापतो आणि त्याचा कांहीं अंश आंत न पडतां प्रचंड वेगाच्या झोतांच्या रूपानें बाहेर फेंकला जातो. दीर्घिकांच्या मधल्या जागेंत तप्त व विरळ वायु भरलेला असतो. हे झोत त्यास बाजूस सारतात आणि, उकळत्या खिरींत बुडबुडा फुगावा त्याप्रमाणें, तेथें पोकळी उत्पन्न होते.

२०१६ सालीं ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रांत ह्या समूहांतील वायूला एक वक्र कडा आढळली. ती अशा पोकळीची असावी, ही कल्पना संशोधकांस सुचली खरी. पण त्यास लागणारी शक्ति अतोनात ठरत असल्यामुळें त्यांनीं ती बाजूस ठेविली. निकाल लागला २०२० सालीं, आणि त्यांत महाराष्ट्राचा वांटा आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या व ऑस्ट्रेलियांतील एका दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्या कडेपलीकडील जागा रेडिओलहरींनीं भरलेली असल्याचें दिसून आलें. आपल्या आकाशगंगेएवढ्या पंधरा दीर्घिका एका ओळींत मावतील एवढी ती पोकळी. आणि तोंपर्यंतच्या सर्वांत मोठ्या ज्ञात उत्पाताहून ह्याची शक्ति सुमारें पांचपट!

वायु निवला तरच त्यापासून नवे तारे जन्मतात. ह्या फूत्कारांनीं तो तापत राहिला, तर ताऱ्यांचा जन्म खुंटतो. म्हणून दीर्घिकेचें भवितव्य जाणूं इच्छिणाऱ्यास तिच्या गाभ्याकडे लक्ष द्यावें लागतें. प्रस्तुत समूहांतील झोत आतां थांबलेले दिसतात. त्यांचा पुरावा मात्र त्या पोकळीच्या रूपानें शिल्लक आहे.