जुन्या बासरीची दुरुस्ती : कारागिराची पारख

हाताने घडविलेल्या जुन्या पाश्चात्त्य बासरीची दुरुस्ती हा केवळ हस्तकौशल्याचा प्रश्न नव्हे. थेओबाल्ट ब्योम याने १८४७ साली सिद्ध केलेल्या दंडगोलाकार बासरीचे फ्रान्समधील हक्क गोदफ्रुआ व लो यांनी घेतले. पुढे १८५५ मध्ये लुई लो याने आपली स्वतंत्र कर्मशाळा काढली. १८५९ साली फ्रान्समध्ये ‘ला’ या स्वराची कंपनसंख्या सेकंदास ४३५ ठरविण्यात आली. १९३९ च्या लंडन परिषदेने ती ४४० मानली. हा उंच स्वर गाठण्यासाठी अनेक जुन्या बासऱ्यांच्या नळ्या आखूड करण्यात आल्या. परंतु छिद्रांमधील अंतरे पूर्वीचीच राहिल्यामुळे त्यांची स्वरांतरे बिघडली.

यास्तव कारागीर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. काम हाती घेण्यापूर्वी तो नळीची व मुखरंध्राची मापे नोंदवून ठेवतो काय? झिजलेल्या गाद्या बदलण्यासारखी, मूळ वाद्यास धक्का न लावणारी कामे तो प्रथम करतो काय? मुखरंध्राच्या कडेस कानस लावण्याचे तो नाकारतो काय? पोथीचा संपादक आपली दुरुस्ती मूळ पाठ न पुसता वेगळी दाखवितो. येथेही तीच शिस्त हवी. ती कड एकदा घासली गेली, की घडविणाऱ्यास कोणता नाद अभिप्रेत होता, हे जाणण्याचे साधनच नाहीसे होते.