राडेगुंडचा शेतकरी आणि त्याची फ्रान्झिस्का

ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर, साल्झाख नदीच्या पलीकडे बव्हेरिया सुरू होतो, तिथे सांक्ट राडेगुंड नावाचं लहानसं गाव आहे. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाऊ याच मुलखातलं. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यावर १० एप्रिल १९३८ ला मतदान झालं, तेव्हा या गावात विरोधात फक्त एक मत पडलं. ते फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याचं. गावच्या कारभाऱ्यांनी ते मत दडपलं आणि शंभर टक्के होकार वर कळवून टाकला.

या माणसाची गोष्ट बहुतेक वेळा इथून थेट वधस्तंभापर्यंत सांगितली जाते. मधलं घर, शेत, बायको, मुली हे सगळं दोन ओळींत उरकतं. मला मात्र वाटतं, तो जे करू शकला त्याची मुळं त्या घरातच होती.

फ्रान्झचा जन्म २० मे १९०७ चा. आई-वडील दोघंही परक्याच्या शेतावर राबणारे. लग्न करून संसार मांडण्याइतकीही ऐपत नव्हती. वडील पहिल्या महायुद्धात गेले. मूल आजीनं वाढवलं. पुढे १९१७ मध्ये आईनं हाइनरिख येगरश्टेटर या शेतकऱ्याशी लग्न केलं, त्यानं मुलाला दत्तक घेतलं आणि आपलं नाव दिलं. त्याच्या घरात पुस्तकं होती. पोराला वाचनाची गोडी लागली, ती कायमची.

तरुणपणी फ्रान्झ चांगलाच उनाड होता. आयझेनएर्झच्या लोखंडाच्या खाणीत काही वर्षं काम करून परतला तो मोटारसायकल घेऊन. गावातली ती पहिलीच. लग्नाआधी, १९३३ मध्ये, त्याला हिल्डेगार्ड नावाची मुलगी झाली. संतचरित्रं लिहिणारे अशा ठिकाणी अडखळतात. त्यानं स्वतः त्या लेकीशी नातं कधी तोडलं नाही, म्हणून आपणही अडखळू नये.

९ एप्रिल १९३६ ला, पवित्र गुरुवारी, त्याचं फ्रान्झिस्का श्वानिंगरशी लग्न झालं. ना थाट, ना मेजवानी. तिच्या सूचनेवरून दोघं थेट रोमला गेले. परत आल्यावर दत्तक वडिलांकडून आलेल्या शेतावर संसार सुरू झाला. रोझालिया, मारिया, आलोयसिया अशा तीन मुली झाल्या. बाळाची गाडी ढकलत गावातून जाणं पुरुषाला कमीपणाचं वाटण्याचा तो काळ. फ्रान्झ खुशाल ढकलत जायचा. शेतकामातून वेळ काढून रोज मिस्सेला जायचा. नवरा-बायको मिळून बायबल वाचत. लग्नात इतकं सुख असतं हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं तो तिला म्हणायचा.

नाझी आल्यावर त्याला गावचा प्रमुख होण्याचा आग्रह झाला. त्यानं नकार दिला. सरकारनं मुलांसाठी देऊ केलेला भत्ता घेतला नाही. गारपिटीत पीक गेलं तेव्हाची भरपाईही नाकारली. हातातोंडाची गाठ असलेल्या घरात हे पैसे नको म्हणणं काय असतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. १९४० मध्ये सैन्यात भरती होऊन प्रशिक्षण झालं, पण शेतीसाठी गरजेचा माणूस म्हणून तो १९४१ च्या वसंतात घरी परतला. तोवर त्याचं मन ठरत आलं होतं. मनोरुग्णांना सरकार ठार मारत असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. हे युद्ध अन्यायाचं आहे, त्यात लढणं पाप आहे, इथपर्यंत तो पोचला.

सल्ला घ्यायला तो लिंत्सच्या बिशपांकडे, योसेफ फ्लीसर यांच्याकडे गेला. त्यांनी कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली. नातेवाईक, शेजारी, धर्मगुरू सगळे तेच सांगत होते: बायको आहे, पोरी आहेत, शपथ घेऊन मोकळा हो. सुरुवातीला फ्रान्झिस्कानंही विनवलं. मग सगळेच त्याच्यावर तुटून पडताना तिनं पाहिलं आणि ती गप्प झाली. आपणही साथ सोडली तर याला कुणीच उरणार नाही, हे तिनं ओळखलं. पुढच्या सत्तर वर्षांत तिनं या निर्णयाबद्दल त्याला दोष दिला नाही.

१ मार्च १९४३ ला एन्सच्या छावणीत त्यानं लढण्यास नकार जाहीर केला. शुश्रूषा पथकात काम करायची तयारी दाखवली, ती कुणी ऐकली नाही. आधी लिंत्सचा तुरुंग, मे महिन्यात बर्लिनचा टेगेल. या काळातली नवरा-बायकोची पत्रं आहेत. तो शेताची, घराची चौकशी करतो. ती मुलींचं आणि कामाचं कळवते. नांगरणीपासून गवतकापणीपर्यंत सगळं आता तिच्या अंगावर. लग्नाच्या सातव्या वाढदिवशी तुरुंगातून लिहिताना त्यानं तक्रार केली नाही, मिळालेल्या सुखाबद्दल आभार मानले. तिनं एक फोटो पाठवला. तीन मुली उभ्या आहेत, हातात पाटी: बाबा, लवकर या. असा फोटो कोठडीत जवळ ठेवून नकारावर ठाम राहायचं! त्याच्या धैर्याचं माप मला खटल्याच्या कागदांपेक्षा त्या पाटीत जास्त दिसतं.

६ जुलैला मृत्युदंड सुनावला गेला. काही दिवसांनी फ्रान्झिस्का गावच्या धर्मगुरूंबरोबर बर्लिनला पोचली. भेटीला मिनिटं मिळाली वीस. ९ ऑगस्ट १९४३ ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. वय ३६.

त्यानंतर गावानं तिचं जगणं अवघड केलं. नवऱ्याला धर्माचं वेड लावून तिनंच मरणाकडे ढकललं, असं लोक उघड बोलत. विधवेचं पेन्शन १९५० पर्यंत मिळालं नाही, कारण सरकारी व्याख्येत तो सैनिक म्हणून मेला नव्हता. तिन्ही मुली तिनं त्याच शेतावर वाढवल्या. बिशप फ्लीसर यांनी तर युद्धानंतरही फ्रान्झवरचा लेख धर्मप्रांताच्या वृत्तपत्रात छापू दिला नाही.

जगाला त्याची ओळख करून दिली ती गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं, १९६४ च्या पुस्तकातून. पुढचा धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईचे माजी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे या शेतकऱ्याचं उदाहरण मांडलं. सद्सद्विवेकाला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्याचा विचार कायद्यानं माणुसकीनं करावा, असं परिषदेनं १९६५ मध्ये आपल्या दस्तऐवजात नोंदवलं. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती वाचकांनी ही गोष्ट अभिमानानं सांगावी अशी आहे.

बर्लिनच्या न्यायालयानं १९९७ मध्ये शिक्षा रद्द केली. २६ ऑक्टोबर २००७ ला लिंत्सच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झला धन्य घोषित करण्यात आलं, तेव्हा ९४ वर्षांची फ्रान्झिस्का तिथे होती. २०१३ च्या मार्चमध्ये वयाची शंभरी पूर्ण करून ती गेली.

बायको-मुलींना वाऱ्यावर सोडणारा हा कसला कुटुंबवत्सल, असा प्रश्न आजही विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्यावर मी एवढंच म्हणेन की त्याची पत्रं वाचताना तिचीही शेजारी ठेवावीत. नकार त्यानं दिला, पण त्याची किंमत दोघांनी मिळून मोजली. आणि तिचे हप्ते सत्तर वर्षं चालू होते.