आमच्या लेकींनी मल्लखांबावर का चढू नये?

वर्षावासातली गोष्ट. बुलडाणा जिल्ह्यातील एका गावी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपले, खीर वाटून झाली आणि बायामाणसांत एक विषय निघाला. हमाली करणाऱ्या एका समाजबांधवाची सातवीतली मुलगी मल्लखांब शिकू लागली होती. एक वयस्कर माउली तिच्या आईला म्हणाली, "पोरीले खांबावर चढवतं काय वं बाई? डोंबारीन करायची हाये काय तिले?" आईची मान खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी सरावाला गेली नाही.

त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. तिच्या भीतीमागे इतिहास आहे. आमच्या माता-भगिनींना मुरळी, जोगतीण, देवदासी करून या समाजव्यवस्थेने नाचवले. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशाच भगिनींची सभा घेतली आणि हे लाजिरवाणे जिणे सोडून मानाने जगा, असे त्यांना कळकळीने सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके करीत होते. त्यात मल्लखांबही होता. पुरुषाचे कसलेले शरीर देशाचे भूषण ठरले. आमच्या बाईचे शरीर मात्र दुसऱ्याची करमणूक!

आणि डोंबारीण ही शिवी का व्हावी? तीही कष्टकरी भगिनीच. कोल्हाटी हे नाव 'कोल्हाट' म्हणजे उड्या मारायच्या बांबूवरून आले असे सांगतात. म्हणजे बांबूवरची आणि दोरीवरची कसरत या जमातींच्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या करीत आल्या. आखाड्यातल्या खांबाला मान मिळाला, रस्त्यावरच्या बांबूला चार आणे. फरक कसरतीत नव्हता, जातीत होता.

मुलींच्या वाट्याला पुष्कळ वर्षे दोरीचा मल्लखांबच आला. पुरलेला खांब पुरुषांचा, असा समज होता. आता स्पर्धांत मुली दोन्हीवर उतरतात. फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. 2022 मध्ये हरियाणातील खेलो इंडिया स्पर्धेत हा खेळ आला, मुलींसाठीही. त्याच वर्षासाठी सागर ओव्हाळकर या महाराष्ट्राच्या खेळाडूला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

कपड्यांवरही बोलले जाते. पण खांबाला हातापायांच्या कातडीने घट्ट धरावे लागते. सैल कपडा निसटतो, अडकतो आणि मूल पडते. आखूड पोशाख हा मिरवण्यासाठी नसतो, जीव सांभाळण्यासाठी असतो.

ही कुजबूज फक्त आपल्याच गावात आहे असे नाही. परदेशात लोखंडी खांबावरचा 'पोल डान्स' दारूच्या अड्ड्यांत चाले. पुढे स्त्रियांनी तो व्यायाम म्हणून हाती घेतला आणि 2017 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला जागतिक क्रीडा महासंघांच्या मंडळाने निरीक्षकाचा दर्जा दिला. इजिप्तच्या कैरो शहरातही स्त्रियांसाठी असे वर्ग निघाले. तिथल्या आयाही 'लोक काय म्हणतील' यालाच भितात. सौदी अरेबियात सरकारी शाळांतील मुलींना व्यायामाचा तास मिळायलाच 2017 साल उजाडले. देश वेगळा, धर्म वेगळा, पण पहारा बाईच्याच अंगावर!

मग बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते काय? आमच्या मते, त्यांनी सोडायला लावली ती गुलामी. अंग हलवणे नव्हे. म्हणून मुलगी खांबावर चढली की आपण तीन प्रश्न विचारावेत. तिला कोणी चढवले? तिच्या कष्टावर पैसा कोण खातो? आणि नको वाटेल तेव्हा ती खाली उतरू शकते का? पोटासाठी, कुणाच्या धाकाने चढत असेल तर ती गुलामी. स्वतःच्या हौसेने चढत असेल आणि मनात येईल तेव्हा उतरत असेल तर तो व्यायाम.

काळजी जरूर घ्यावी. खाली गादी आहे का, शिकवणारे अनुभवी आहेत का, सोबत बाई असते का, हे आईबापांनी स्वतः जाऊन पाहावे. पण न पाहताच मुलीला घरी बसवू नये. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. ते माप फक्त मार्कशीटला लावायचे काय?

उपासिकांनो, येत्या रविवारी वाचन झाल्यावर आपापल्या गावच्या मैदानावर अवश्य जा. त्या माउलीलाही सोबत घ्या. तेल लावलेल्या खांबावर आपली लेक स्वतःच्या बळावर वर जाताना तिने एकदा डोळ्यांनी पाहावे. मग काय बोलायचे ते बोलावे.

जयभीम!