नेम चुकतो तो डोळ्यामुळे नव्हे

धनुर्विद्या म्हटलं की आपल्याला आधी झाडावरचा पक्षी आणि त्याचा डोळा आठवतो. द्रोणाचार्यांनी प्रश्न विचारला, अर्जुनाने उत्तर दिलं, आणि तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय की इथे सगळा खेळ नजरेचा. मुलाला चष्मा असला की पालक बिचकतात ते त्यामुळेच. पण २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाच्या इम डाँग-ह्यूनने ७२ बाणांत ७२० पैकी ६९९ गुण मिळवून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी अधू होती आणि तो चष्मा न लावता खेळत होता. ७० मीटरवरच्या लक्ष्याचे त्याला फक्त रंग कळायचे. तेवढे त्याला पुरले.

मग नवशिक्याचे बाण चहूकडे का जातात? थोडं गणित करू. दोरी पूर्ण ओढली की बाणाचं मागचं टोक आणि धनुष्यावर तो टेकतो ती जागा यांत साधारण ७० सेंटिमीटर अंतर राहतं. ७० मीटर म्हणजे त्याच्या शंभरपट. त्यामुळे साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) लक्ष्यावर स्थिर असतानाही मागचं टोक एक मिलिमीटर खाली सरकलं, तर बाण लक्ष्यावर सुमारे १० सेंटिमीटर वर जातो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १२.२ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून काठ ६.१ सेंटिमीटरवर. दहा गेले, नऊ आले. नवशिक्याचा हात मिलिमीटरने नाही, चांगला सेंटिमीटरभर सरकतो. १८ मीटरवर तेवढ्याने २५ सेंटिमीटरचा फरक पडतो. इनडोअरचा ४० सेंटिमीटरचा कागद लावला असेल तर बाण कागदाबाहेरच. आणि हे सगळं नेम अगदी बरोबर धरलेला असताना.

म्हणून रिकर्व्ह (ऑलिम्पिक पद्धतीच्या) धनुष्याच्या शिक्षणात सगळ्यात जास्त वेळ जायला हवा तो अँकरवर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्याला जिथे टेकतो त्या जागेवर. कॅलेंडरवरचे राम-अर्जुन पाहून बरेच जण दोरी कानापर्यंत ओढायला जातात. जपानी क्यूडोमध्ये ती खरोखर कानाच्या मागे जाते. ती पद्धतच वेगळी आहे. ऑलिम्पिक पद्धतीत तर्जनी जबड्याच्या हाडाखाली घट्ट टेकते आणि दोरी हनुवटीला व नाकाच्या टोकाला लागते. नाकाला दोरी लागली नाही तर मान हलली आहे, असं खुशाल समजा. चेहरा दोरीकडे न्यायचा नाही, दोरीने चेहऱ्याकडे यायचं.

‘धनुष्य जेवढं जड, तेवढा धनुर्धर मोठा’ हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो, शब्दशः. आधी थोरला भाऊ ४० पाउंडांचं धनुष्य ऑनलाइन मागवतो, मग धाकटा ते ओढताना खांदा कानापर्यंत उचलतो, कंबर मागे टाकतो, आणि अँकरला पोचायच्या आधीच सोडून देतो. प्रौढ नवशिक्याला साधारण १६ ते २४ पाउंड पुरतात, लहान मुलांना त्याहून कमी. पूर्ण ओढून दहा सेकंद न थरथरता धरता आलं, तर ते धनुष्य तुमचं. शिवाय लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. तुमची ओढ त्याहून कमी असेल तर दर इंचाला साधारण दोन पाउंड कमी होतात, जास्त असेल तर वाढतात. हे माहीत नसल्याने दुकानात फसगत होते.

ओढ दंडाने घ्यायची हीही एक चुकीची समजूत. बायसेप फुगवून ओढणारा दहाव्या बाणाला दमतो. कोपर मागे नेत खांद्याची पाती मणक्याकडे सरकली पाहिजे. भार पाठीवर आला की मनगट सैल राहतं.

‘धनुष्य घट्ट धरलं की हलत नाही.’ उलट आहे. मूठ आवळली की प्रत्येक बाणाला मनगट वेगळं पिळलं जातं आणि बाण डावी-उजवीकडे पळतात. धनुष्य अंगठ्याच्या बुडाजवळच्या मांसल भागावर नुसतं टेकवायचं, बोटं सैल. ते पडेल या भीतीने हात आपोआप मिटतो, म्हणून फिंगर स्लिंग असते: अंगठ्याला आणि बोटाला अडकवलेली साधी दोरी. सुटलेलं धनुष्य ती झेलते.

सोडतानाही बोटं उघडायची नसतात. उघडायला गेलात की हात चेहऱ्यापासून बाहेर फेकला जातो आणि दोरी बाजूला खेचली जाते. पाठीची ओढ चालू ठेवून बोटांनी धरणं थांबवायचं. हात मानेवरून मागे घसरत गेला तर रिलीज बरा झाला. धनुष्याचा हात मात्र बाण लक्ष्यात घुसेपर्यंत जागचा हलू द्यायचा नाही. कुठे लागला ते बघायच्या घाईत तो बाण दोरीवर असतानाच खाली येऊ लागतो. बघायला नंतर भरपूर वेळ असतो.

हातावरचे निळे वळ मोबाइलवर मिरवणाऱ्यांविषयी मला जरा चीडच आहे. दोरी हाताला लागते कारण कोपराचा आतला भाग दोरीच्या वाटेत आलेला असतो. कोपर किंचित फिरवलं की दोरी मोकळी जाते. आर्मगार्ड वापराच, पण तो चूक झाकण्यासाठी नाही.

२०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७व्या वर्षी विश्वविजेती झाली, नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले, आणि महाराष्ट्रात अनेकांनी धनुष्य हातात घेतलं. आनंदच आहे. पण दोघंही कंपाउंड खेळतात. त्यात पूर्ण ओढीला चाकांमुळे हातावरचा भार बराच उतरतो, दोरीत बघायला पीप (बारीक भोक) असतो, आणि दोरी बोटांनी नव्हे, रिलीज एड या हातातल्या खटक्याने सुटते. त्यांचे व्हिडिओ बघून रिकर्व्हची बोटं सुधारणार नाहीत.

सरावाला सोपा उपाय आहे. बटवरचा (बाण अडवणाऱ्या गादीवरचा) कागद काढून टाका, पाच मीटरवर उभे राहा, बाण सुरक्षित लागेल एवढं बघा आणि एका वेळी एकाच गोष्टीवर लक्ष द्या: आज फक्त अँकर, उद्या फक्त पकड. गुण मोजू नका. पुढे कागद लावाल तेव्हा एका कोपऱ्यात एकत्र लागलेले सहा बाण, मध्यात चुकून लागलेल्या एकापेक्षा चांगले समजा. एकत्र लागतात म्हणजे शरीर तेच तेच करतंय. मग साइट बाण गेले त्या दिशेला सरकवली की झालं.

आणि दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. बाणात जाणारी सगळी शक्ती लिंबवर येते आणि ते तडकू शकतं. दुसरं म्हणजे, बाण तुमच्या ओढीपेक्षा लांबच हवेत. आखूड बाण ओढताना रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेच्या) मागे घसरतो आणि सोडल्यावर स्वतःच्याच हातात घुसू शकतो. उधारीचं धनुष्य चालेल, उधारीचे बाण कोचला दाखवल्याशिवाय लावू नका.