समस्थानिक लिहिताना आकडा कोठे घालायचा?

विज्ञानाच्या पेपरात मुलाला उत्तर येत असते, तरी गुण कापले जातात. आकडा बरोबर असतो, पण चुकीच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. समस्थानिकांच्या प्रश्नात ही चूक पुष्कळ मुले करतात. प्रत्येक घराला शिकवणीची फी परवडतेच असे नाही. म्हणून हा विषय आम्ही मुळापासून मांडत आहोत. आईवडिलांनी, मोठ्या भावंडांनी तो वाचावा आणि मुलांची वही एकदा पडताळून पाहावी.

समस्थानिक म्हणजे काय?

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन असतात आणि बहुधा त्यांच्यासोबत न्यूट्रॉनही असतात. प्रोटॉनची संख्या म्हणजे अणुक्रमांक. मूलद्रव्य कोणते, हे तोच ठरवतो. सहा प्रोटॉन असले की तो कार्बनच. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक. कार्बनच्या बहुतेक अणूंत ६ न्यूट्रॉन असतात, काहींत ७ आणि अगदी थोड्यांत ८. म्हणून कार्बन-१२, कार्बन-१३ आणि कार्बन-१४ अशी तीन नावे झाली. वजन वेगळे, पण आवर्तसारणीतील जागा एकच, म्हणून समस्थानिक. इंग्रजीतील ‘आयसोटोप’ हा शब्दही ग्रीक भाषेतून याच अर्थाने घडवला आहे. तो मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी सुचवला आणि फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञांनी १९१३ साली वापरात आणला.

नाव कसे लिहावे?

आधी मूलद्रव्याचे नाव, मग लहान आडवी रेघ, मग अणुवस्तुमानांक. उदाहरणार्थ, कोबाल्ट-६०, युरेनियम-२३५. नावात अणुक्रमांक येत नाही. हायड्रोजनच्या समस्थानिकांना मात्र स्वतंत्र नावेही आहेत : हायड्रोजन-१ म्हणजे प्रोटियम, हायड्रोजन-२ म्हणजे ड्युटेरियम आणि हायड्रोजन-३ म्हणजे ट्रिटियम.

संज्ञेचे चार कोपरे

मराठी माध्यमातही संज्ञा इंग्रजी अक्षरांतच लिहितात. त्या अक्षराभोवती चार कोपरे आहेत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे.

डावीकडे वर – अणुवस्तुमानांक.
डावीकडे खाली – अणुक्रमांक.
उजवीकडे वर – विद्युत प्रभार.
उजवीकडे खाली – रेणूतील अणूंची संख्या.

कार्बन-१४ साठी मोठा ‘सी’ काढावा, त्याच्या डावीकडे वर १४ आणि खाली ६ लिहावे. वरच्यातून खालचा आकडा वजा केला की न्यूट्रॉन मिळतात : ८. अणुक्रमांक गाळला तरी चालतो, कारण ‘सी’ म्हटले की ६ आलेच. अणुवस्तुमानांक गाळला तर मात्र समस्थानिक कोणता ते कळतच नाही. काही जुन्या पुस्तकांत तो उजवीकडे वर छापलेला दिसतो. ती पद्धत आता उचलू नये.

कोपरा चुकला की अर्थ बदलतो

‘एच’च्या उजवीकडे खाली २ लिहिले, तर तो हायड्रोजनच्या दोन अणूंचा रेणू. तेच २ डावीकडे वर लिहिले, तर तो ड्युटेरियमचा एकच अणू. अक्षरांचेही तसेच. मोठा ‘सी’ आणि लहान ‘ओ’ म्हणजे कोबाल्ट. दोन्ही मोठी काढली तर तो कार्बन मोनॉक्साईड, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटती ठेवल्यास जीव घेणारा वायू.

हे केवळ गुणांपुरते नाही. आयोडीनयुक्त मिठातील आयोडीन-१२७ स्थिर असते, ते किरण सोडत नाही. थायरॉईडच्या काही आजारांवर रुग्णालयात देतात ते आयोडीन-१३१ किरणोत्सारी असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे. ते घेतल्यावर काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून दूर राहण्याची सूचना डॉक्टर देतात. दोन्ही आयोडीनच; फरक सांगतो तो पुढचा आकडा. म्हणून कागदावरचे नाव आकड्यासकट वाचावे आणि शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे.

मुलांसाठी

कोबाल्टचा अणुक्रमांक २७, आयोडीनचा ५३ आणि युरेनियमचा ९२. आता कोबाल्ट-६०, आयोडीन-१३१ आणि युरेनियम-२३५ यांच्या संज्ञा चारी कोपरे सांभाळून लिहा आणि प्रत्येकातील न्यूट्रॉन मोजा. आईवडिलांनी उत्तरे ताडून पाहावीत : ३३, ७८ आणि १४३.