दिव्यांगांसाठी राखीव जागा : कायद्यातील आकडा आणि प्रत्यक्षातील नोकरी

बंगळुरू : दक्षिण बंगळुरूतील जे. पी. नगरच्या तिसऱ्या टप्प्यात, १९६९ साली स्थापन झालेल्या श्री रमण महर्षी अंध अकादमीचा परिसर आहे. येथे दृष्टिहीन मुले शिक्षण घेतात. शिक्षण संपल्यानंतर त्यांना नोकरी कोठे मिळेल, हा प्रश्न मात्र संस्थेच्या कक्षेत सुटणारा नाही. त्याचे उत्तर बव्हंशी शासनाच्या एका यादीत दडलेले आहे.

अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने शासकीय सेवेत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग अशा तीन गटांना प्रत्येकी एक टक्का देण्यात आला. मात्र दिव्यांग व्यक्ती कोणती कामे करू शकतात, हे शासनाने आधी निश्चित करावयाचे होते. ही पदे 'निर्धारित पदे' म्हणून ओळखली जातात. पुष्कळ खात्यांनी राखीव जागांची टक्केवारी एकूण रिक्त पदांवर न काढता केवळ अशा पदांवर काढली. साहजिकच जागा कमी भरल्या.

सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी हा अर्थ फेटाळला. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेच्या प्रकरणात, आरक्षणाची गणना संवर्गातील एकूण रिक्त पदांवर झाली पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

त्यानंतर आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले आणि आरक्षण चार टक्के झाले. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार असलेल्यांना आणि बहुविकलांगांना मिळाला. आरक्षणाच्या लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. राखलेली जागा त्या वर्षी भरली नाही तर ती पुढील वर्षी न्यावी लागते. तेव्हाही पात्र उमेदवार न मिळाल्यास ती अन्य दिव्यांग गटाकडे वळते, आणि तोही पर्याय संपल्यावरच इतरांना दिली जाते.

केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये निर्धारित पदांची सुधारित यादी जाहीर केली. तीत ३,५६६ पदे आहेत. यादी वेळोवेळी तपासावी लागते, कारण कामांचे स्वरूपच बदलते. दृष्टिहीनांच्या पारंपरिक नोकऱ्यांपैकी दूरध्वनी चालकाचे पद स्वयंचलित यंत्रणांनी जवळजवळ संपविले. तर पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणक प्रणालींनी कार्यालयीन कामाचे नवे दार उघडले. यांपैकी 'एनव्हीडीए' ही प्रणाली विनामूल्य आहे.

नोकरी मिळाल्यानंतरचा अडथळा बढतीचा होता. तो कर्नाटकातीलच एका प्रकरणामुळे दूर झाला. सिद्धराजू विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने १४ जानेवारी २०२० रोजी दिव्यांगांना बढतीतही आरक्षण मान्य केले. केंद्राने त्यासंबंधीचे आदेश १७ मे २०२२ रोजी काढले. दोन वर्षांहून अधिक काळ गेला, हे विसरता येणार नाही.

खासगी क्षेत्राची स्थिती वेगळी आहे. बंगळुरूसारख्या शहरात रोजगाराचा मोठा वाटा याच क्षेत्राकडे आहे. पण तेथे आरक्षण बंधनकारक नाही. किमान पाच टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत, यासाठी शासनाने उद्योगांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा सांगतो. त्या दिशेने एप्रिल २००८ पासून एक योजना सुरू झाली. तीनुसार दरमहा २५ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी मालकाचा भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विम्याचा हिस्सा पहिली तीन वर्षे सरकार भरणार होते. खर्चाचा हा भाग उचलला गेला, तरी जिना, शौचालय आणि संगणक वापरण्यायोग्य करण्याचा प्रश्न त्यातून सुटत नव्हता.

२०१७ च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणे आवश्यक आहे. दिव्यांगांसाठी योग्य पदे कोणती, निवड कशी होईल आणि कोणत्या सोयी मिळतील, याचा उल्लेख त्यात असावा लागतो. त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवावी लागते. नोकरी शोधणाऱ्या उमेदवाराने मुलाखतीपूर्वी हे धोरण मागून पाहावे. ते मागण्यास कोणतीही अडचण नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार, तर कर्नाटकात १३ लाख २४ हजार होती. देशभरातील या व्यक्तींपैकी काम करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३६ टक्के होते आणि स्त्रियांमध्ये ते २३ टक्क्यांच्या आसपास होते.