वीस डॉलर आणि एक पियानो

मैफल सुरू व्हायची आहे. काळ्या पोशाखातले एक रुबाबदार गृहस्थ रंगमंचावर येतात, पियानोसमोर बसतात, स्वरलिपीचा कागद लावतात आणि वाजवू लागतात. सूर भलतेच! गृहस्थ चमकतात, कागद न्याहाळतात; तो उलटा लागलेला असतो. शांतपणे तो सुलटा करतात, आणि मग 'विल्यम टेल'ची ओळखीची गत अशी धावत सुटते, की हसणारे लोक हसता हसता ऐकू लागतात.

हे व्हिक्टर बोर्गे. जन्म ३ जानेवारी १९०९, कोपनहेगनचा; ज्यू कुटुंबातला. मूळ नाव बोर्गे रोझेनबाउम. वडील डेन्मार्कच्या शाही वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत. मुलाने आठव्या वर्षीच जाहीर मैफल केली. पुढे फ्रेडरिक लॅमंड यांच्याकडे त्याने धडे घेतले. हे लॅमंड थोर लिस्ट यांचे शिष्य. आपल्याकडे एवढ्या भांडवलावर माणूस जन्मभर घराण्याचे नाव सांगत फिरला असता! बोर्गे मात्र १९३३ च्या सुमारास नाच-गाणी-नकलांच्या रंगमंचावर गेले. वाजवता वाजवता बोलायचे, बोलता बोलता थट्टा करायची. त्या थट्टेतून हिटलरही सुटला नाही.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या, तेव्हा बोर्गे कार्यक्रमासाठी स्वीडनमध्ये होते. परत जाणे म्हणजे काळाच्या दाढेत जाणे. तरीही आई मरणपंथाला लागल्याचे कळताच खलाशाचा वेष करून ते एकदा मायदेशी जाऊन तिला भेटून आले. मग फिनलंडमार्गे अमेरिकन जहाज गाठले. ऑगस्ट १९४० मध्ये ते अमेरिकेत उतरले, तेव्हा खिशात वीस डॉलर होते आणि इंग्रजीच्या नावाने शून्य.

गवयाला परमुलखात सूर पुरतो. विनोदी नटाची सारी पुंजी म्हणजे भाषा. तीच एकतिसाव्या वर्षी बंदरावर टाकून यायची, म्हणजे हातपाय तोडून घेण्यासारखेच की! बोर्गे सिनेमागृहात जाऊन बसू लागले. पडद्यावरची माणसे बोलत, हे ओठ हलवीत. वर्षभरात ते अमेरिकन रेडिओवर हशे पिकवू लागले आणि लवकरच बिंग क्रॉस्बी यांच्या कार्यक्रमात त्यांना जागा मिळाली.

माझ्या मते त्यांची खरी करामत पुढेच आहे. शिकाऊ माणूस भाषेकडे जसा टकमक पाहतो, तसेच ते जन्मभर इंग्रजीकडे पाहत राहिले. पूर्णविराम, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह लिहिता येतात, मग बोलता का येऊ नयेत? त्यांनी प्रत्येक चिन्हाला एकेक चमत्कारिक आवाज दिला आणि गंभीर गोष्ट त्या आवाजांसकट वाचून दाखवली. दुसरी युक्ती महागाईची. सगळेच वाढते आहे, तर शब्दांत दडलेले आकडेही एकाने वाढवा! 'वंडरफुल'मध्ये 'वन' ऐकू येतो, म्हणून त्याचे 'टूडरफुल'. या हिशेबाने आपली 'चौकशी' 'पाचकशी' होईल आणि 'पंचनामा' 'षट्नामा'. फराळाला बसल्यावर मुलांबरोबर हा खेळ खेळून पाहा. चकल्या गार होतील.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या गोल्डन थिएटरात त्यांचा 'कॉमेडी इन म्यूझिक' सुरू झाला. एक माणूस, एक पियानो, बस्स. जानेवारी १९५६ पर्यंत ८४९ प्रयोग! (आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी एकट्याने 'बटाट्याची चाळ' उभी केली, ती पुढे १९६१ मध्ये.) कधी कमरेला पट्टा बांधून ते पियानोच्या बाकावर बसत, तर कधी गायिकेने वरचा सूर लावताच बाकावरून कोसळत. संगीताची टिंगल मात्र कधी झाली नाही. टिंगल व्हायची ती मैफलीच्या बडेजावाची. हात तयार नसता तर हा फरक प्रेक्षकांना जाणवला नसता.

१९४३ मध्ये डॅनिश लोकांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवले होते. त्या उपकाराची आठवण म्हणून १९६३ मध्ये बोर्गे यांनी एका मित्रासह 'थँक्स टू स्कँडिनेव्हिया' हा शिष्यवृत्ती निधी उभारला.

नव्वदी उलटल्यावरही दौरे चालूच होते. डिसेंबर २००० मध्ये कोपनहेगनचा कार्यक्रम करून ते कनेक्टिकटमधल्या घरी परतले आणि २३ तारखेला झोपेतच गेले. अस्थींचे दोन भाग झाले. एक तिथेच, कोपनहेगनच्या जलपरीच्या प्रतिकृतीखाली आहे. दुसरा कोपनहेगनच्या ज्यू दफनभूमीत.